डाबरेबाईंचा कनेक्टर

निवृत्त झाल्यापासून चंदनसारच्या आमच्या सोसायटीत मला एकच प्रश्न विचारला जातो. ‘सावंत, तुम्ही वसईला कंपनीत होता म्हणे. काय करायचात तिथे?’ शेजारचे काका बँकेत होते, समोरच्या ताई शाळेत होत्या. त्यांना पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. मी सांगतो, ‘कनेक्टर निवडायचो.’ त्यावर समोरचा माणूस ‘अच्छा, अच्छा’ म्हणतो आणि पाण्याचा टँकर कधी येणार या विषयाकडे वळतो. आमच्या सौ.ची पद्धत याहून सोपी. ‘त्यांचं ते वायरींचं काहीतरी होतं,’ असं सांगून ती मोकळी होते. अख्खा संसार त्या वायरींच्या काहीतरीवर निघाला, पण ते असो.

या दिवाळीला म्हटलं, एकदा नीट सांगूनच टाकू.

कुठलंही यंत्र उघडलं की आत एक हिरवी पाटी दिसते. तिला आम्ही बोर्ड म्हणतो. डबा लहान आणि काम मोठं असलं की एका बोर्डावर सगळं मावत नाही. मग दोन-तीन छोटे बोर्ड एकावर एक रचायचे, जेवणाच्या डब्यात भांडी रचतात तसे. फरक इतकाच की डब्यातल्या आमटीला वरच्या भाजीशी बोलावं लागत नाही. बोर्डांना मात्र आपापसांत सतत बोलावं लागतं. त्यासाठी खालच्या बोर्डावर उभ्या पिनांची एक रांग आणि वरच्याच्या पोटाला तितक्याच भोकांची रांग. वरून दाबलं की खट्. झाला जोड. हा कनेक्टर. बाजारात या दोन भागांना मेल-फीमेल म्हणतात. आमच्या असेंब्लीच्या बायका सरळ नवरा-बायको म्हणायच्या. ‘अहो सावंत, या खेपेला नवरे जास्त आलेत नि बायका कमी,’ अशी हाक भर कंपनीत यायची आणि कुणाला त्यात काही वाटायचं नाही.

आता यात निवडायचं काय, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचो. खरेदीचं खातं माझ्याकडे होतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जायचं, दुकानदाराला सांगायचं, ‘इतक्या पिनांची पट्टी दे,’ आणि पिशवी भरून परत यायचं. माझी ही सुखाची समजूत ज्यांनी मोडली, त्या ब्रिजित डाबरे.

डाबरेबाई वसईतल्या सांडोरच्या. घरची केळीची आणि भाजीची वाडी, स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्या, आणि वसई पूर्वेच्या आमच्या गाळ्यात डिझाइनचं सगळं त्यांच्या हाताखाली. अंगाने बारीक, आवाज मात्र असा की शेजारच्या गाळ्यातले लोक चहाला उठायचे. घरून फोन आला की त्यांच्या बोलीत बोलायच्या आणि आम्हाला अक्षर कळायचं नाही. आमचे मालक केळकरसाहेब एकदा गमतीने म्हणाले, ‘डाबरे, त्या बोलीत आमची निंदा तर चालली नाही ना?’ बाई फोनवर हात ठेवून म्हणाल्या, ‘चाललीय की साहेब. नाहीतर मराठीतच बोलले असते.’ साहेब स्वतः हसले. माणूस मनाने चांगला, डोक्याने गरम. काम त्यांना उत्तम कळायचं, पण राग आला की आधी बोलून टाकायचे आणि मग कळून घ्यायचे.

मी पहिल्यांदा बाईंच्या तावडीत सापडलो तो उंचीपायी. दोन बोर्डांच्या कोपऱ्यांत चार छोटे खांब लावतात. त्यांना स्पेसर म्हणतात. वरच्या बोर्डाचं वजन खांबांनी पेलायचं, पिनांनी नाही. मी आणलेला कनेक्टर खांबांपेक्षा नखभर उंच निघाला. मला वाटलं, नखभराने काय होतंय! बायकांनी स्क्रू पिळले, आणि सगळे बोर्ड मधे फुगून कोपऱ्यात वाकले, तव्यावरच्या पापडासारखे. बाईंनी एक बोर्ड माझ्या हातात दिला. ‘सावंत, हा घरी न्या आणि सपाट करून आणा.’ त्या दिवसापासून मी खिशात मोजमापाचा कॅलिपर घेऊन लॅमिंग्टन रोडला जाऊ लागलो आणि दुकानदार मला बघितलं की आत जाऊ लागले.

बाई मला मग एकेक शिकवत गेल्या. पिनांमधलं अंतर किती, एका पिनेतून किती करंट जाणार, जोड वर्षातून कितीदा काढणार-घालणार, यंत्र हादरणार का, आणि हवा कशी. ‘हवा’ हे त्यांचं खास. आपल्या वसईच्या हवेत मीठ आहे, ते ज्याने कनेक्टर बनवला त्याला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे, असं त्या म्हणायच्या. कथलाचा मुलामा दिलेल्या पिना स्वस्त असतात आणि कोरड्या, स्थिर जागी छान चालतात. हादरे आणि दमट खारी हवा मिळाली की पिन आणि भोक एकमेकांवर घासत राहतात आणि मधे एक काळपट थर धरतो. डोळ्यांना जोड लागलेला दिसतो, पण आतून तुटलेला असतो. सोन्याचा मुलामा असला तर तो थर धरत नाही. आता बाजारात सोनं म्हणून पिवळं काहीही विकतात. त्यावर बाईंचा उपाय म्हणजे शाळेतला खोडरबर. पिनेवर जोराने घासायचा. खोटं सोनं रबराला येतं, खरं पिनेवर राहतं. दुकानदारांसमोर खोडरबर काढून बसताना मला फार लाज वाटायची, पण काय बिशाद की न घासता माल आणीन!

बाई किती मोठ्या मनाच्या होत्या हे मला पहिल्यांदा दिसलं ते गासच्या पाटलांपायी. पाटलांची भातशेती, गावात भाताची गिरणी, आणि शेतात पंप. पंप आपोआप चालू-बंद करणारा आमचा डबा त्यांनी घेतला होता. एकदा आत मुंग्यांनी घर केलं म्हणून पाटलांनी डबा उघडला, बोर्ड सुटे केले, ब्रशने झाडले, आणि पुन्हा बसवताना वरचा बोर्ड उलटा बसवला. तो बसलाही. बटण दाबल्यावर धूर. पाटील डबा घेऊन आले आणि हात जोडून म्हणाले, ‘बाई, माझीच चूक झाली.’ आम्ही सगळे मनातून म्हणालो, हो ना, तुमचीच. बाई मात्र भडकल्या त्या आमच्यावर. ‘यांची कसली चूक? उलटा बसू शकत होता, म्हणजे चूक आपली!’ त्यांनी पाटलांना नवा बोर्ड दिला, आणि तेव्हापासून आमच्या प्रत्येक कनेक्टरमधली एक पिन कापायची आणि समोरचं एक भोक बुजवायचं असं ठरलं. उलटा बोर्ड आता बसणारच नाही. गिऱ्हाइकाला दोष देऊन जे काम सुटलं असतं ते बाईंनी स्वतःवर घेऊन सोडवलं. मी तो दिवस विसरलो नाही.

आता पाचूबंदरचा पास्कू. माझ्या सगळ्या नोकरीतला सगळ्यात वाईट दिवस मी पाहिला तो या माणसामुळे.

आम्ही मच्छीमार होड्यांसाठी एक डबा बनवला होता. होडीच्या तळाशी पाणी साचायला लागलं की एक तरंगता गोळा वर यायचा, त्याची खबर खालच्या बोर्डाला लागायची, आणि सगळ्यात वरच्या बोर्डावरचा भोंगा बोंब मारायचा. खलाशी झोपले असले तरी उठतील असा. साहेबांना त्या डब्याचा मोठा अभिमान होता. पास्कूने तो आपल्या आणि भावाच्या, लुईसच्या, अशा दोन्ही होड्यांवर लावला होता आणि बंदरातल्या बऱ्याच जणांना घ्यायला लावला होता. एक दिवस पास्कू एक डबा छातीशी धरून गाळ्यात आला आणि बाईंच्या टेबलावर ठेवला.

लुईसच्या होडीत पाणी भरलं होतं. इंजिन बुडेपर्यंत भोंगा वाजला नव्हता. शेजारून दुसरी होडी जात होती म्हणून माणसं वाचली.

पास्कू ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, ‘बाय, डब्याची लायट पेटलेली व्हती. ती बघून माजा भाव निजला. हा डबा नसता ना, तर यक मानूस तरी जागा रेला असता.’

बाईंचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. त्यांनी डबा उघडला. बोर्ड सुटे केले. जुन्या स्वस्त कनेक्टरच्या पिनांवर तोच काळपट थर. दिव्याची पिन कशीबशी लागत होती, पाण्याची खबर देणारी लागत नव्हती. यंत्र जिवंत दिसत होतं आणि मुकं झालं होतं. कनेक्टर जुन्या काळात ठरलेला, बाई येण्याआधी, पण त्यांनी ते तोंडातून काढलं नाही. ‘बंदरातले सगळे डबे परत आणा,’ एवढंच म्हणाल्या. ‘नवे देईन. तोवर रात्री एकाला जागं ठेवा, पास्कूभाऊ. दिवा बघून झोपू नका.’

पुढचे काही आठवडे आमच्या गाळ्याने जे पाहिलं ते कुठल्या मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेने पाहिलं नसेल. हादरे तपासायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. बाईंना गासच्या पाटलांची भाताची गिरणी आठवली. गिरणीला डिझेल इंजिन होतं, होडीसारखंच धडधडणारं. पाटील म्हणाले, ‘माझं भात सांडलं नाही म्हणजे झालं.’ वेगवेगळ्या कनेक्टरचे डबे आम्ही गिरणीच्या चौकटीला दोऱ्यांनी करकचून बांधले. गिरणीवर भात घेऊन येणाऱ्या बाया विचारायच्या, ‘हे काय, भरडायला आणलंय का?’ मिठासाठी पास्कूच्या घरच्यांनी बोंबील वाळवायच्या बांबूंवर आमचे बोर्ड टांगून ठेवले. ते परत आले तेव्हा त्यांचा वास असा होता की पाठक नावाच्या आमच्या शाकाहारी अकाउंटंटने दोन दिवस दारातच बसून काम केलं. पण बोर्डांनी खरं ते सांगितलं. कथलाच्या पिना मळल्या होत्या. जाड सोन्याच्या मुलाम्याच्या, आणि ज्यांचं भोक पिनेला दोन्ही बाजूंनी घट्ट धरत होतं, अशा एका जातीच्या पिना गिरणीतून आणि बोंबलांतून चकचकीत परत आल्या.

बाईंनी तोच कनेक्टर निवडला. साहेब उखडले. ‘डाबरे, कुणाचं लग्न आहे? होडीत सोनं घालायला निघालात! त्यापेक्षा सरळ वायरी सोल्डर करा.’ बाई म्हणाल्या, सोल्डर केलेली वायर इंजिनाच्या हादऱ्याने मुळाशी तुटते, आणि समुद्रावर ती कोण जोडणार? शब्दाने शब्द वाढला. शेवटी बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘साहेब, या जोडावर भोंगा मुका झाला तर मी राजीनामा देईन.’ साहेबही रागात म्हणाले, ‘मग द्यावाच लागेल.’ बायकांच्या सोल्डरिंग गन हातातच राहिल्या. घरी बाईंचे वडील आजारी होते आणि वाडीच्या उत्पन्नावर औषधपाणी निघत नव्हतं, हे आम्हाला माहीत होतं. ही बाई चेष्टेत बोललेली नव्हती.

नव्या डब्यांसाठी बाईंनी स्वतःच्या हाताने एक जिग बनवलं. जिग म्हणजे तपासणीचं ठाणं. तयार बोर्डांचा थर त्यावर दाबून बसवायचा. सगळं ठीक असेल तर हिरवा दिवा आणि भोंगा, नसेल तर लाल. आमची जुनी जिगं चिमट्यांची होती. या नव्याला वर तोंड केलेली भोकांची रांग होती, म्हणजे फीमेल कनेक्टर, ज्याला सॉकेटही म्हणतात, आकाशाकडे बघत बसलेला. थराच्या तळाला बाहेर आलेल्या पिना त्यात शिरायच्या.

डबे तयार होत आले तेव्हा खंडेनवमी आली. ज्यांनी कारखान्यात नोकरी केलीय त्यांना सांगायला नको. वर्षभर ज्या हत्यारांना आपण शिव्या घालतो त्यांना त्या दिवशी अंघोळ घालून पाटावर बसवतात. सोल्डरिंग गन, पकडी, मीटर, ड्रिल मशीन, सगळं ओळीत. असेंब्लीच्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून यायच्या, रांगोळी काढायच्या. झेंडू दरवर्षी डाबरेबाई आणायच्या, सांडोरच्या वाडीतला, टोपलीभर. हारही त्याच ओवायच्या. त्यांचा देव वेगळा, पण झेंडू त्यांचाच, असं आमच्यात ठरूनच गेलं होतं. पूजा मात्र केळकरसाहेब दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. सोवळं नेसून, हळदकुंकू पाण्यात कालवून, अनामिकेने प्रत्येक हत्याराला स्वतः लावायचे, वर चिमूटभर कोरडं वाहायचे. आणि जे नवीन असेल त्याचा मान मोठा. त्या वर्षी नवीन होतं ते बाईंचं जिग. साहेबांनी त्याला हातचं न राखता हळदकुंकू वाहिलं. मला वाटतं, रागात बोलून गेल्याची रुखरुख त्या बोटात उतरली असावी.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पास्कू आणि लुईस टेम्पो घेऊन डबे न्यायला हजर. बाईंनी पहिला थर जिगवर दाबला. लाल दिवा. दुसरा. लाल. तिसरा हिरवा लागला, हात काढताच लाल झाला. बायका काम सोडून बघायला लागल्या. साहेब केबिनमधून बाहेर आले, एक थर त्यांनी स्वतः लावून बघितला, आणि मग जो तोंडाचा पट्टा सुटला! ‘सोनं म्हणे सोनं! गिरण्या काय फिरवल्या, बोंबील काय वाळवले! आणि माल बघा! अहो, या माणसांना समुद्रावर जायचंय. आहे का लक्षात तुम्ही काय बोलला होता ते?’

पास्कूचं मराठी वेगळं असलं तरी त्याला सगळं कळत होतं. तो भावाकडे बघत राहिला. लुईस खाली बघत होता.

‘लक्षात आहे, साहेब,’ बाई म्हणाल्या. ‘जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबा.’

साहेब दार आपटून आत गेले. बाई जिगसमोर बसल्या. मी शेजारी उभा होतो. कनेक्टर बाईंनी निवडला, पण खोडरबर घासून आणला मी होता. बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, ‘सावंत, सगळेच बोर्ड एकसारखे नापास कसे होतील? बोर्डांचा दोष असता तर एकेकाचा वेगळा असता.’ त्यांनी नापास झालेला एक बोर्ड उलटा केला, पदराला खोचलेला पांढरा रुमाल काढला आणि पिनांवरून फिरवला.

रुमालावर बारीक लाल रेघ उठली.

त्यांनी ती नाकाशी नेली. मग जिगच्या भोकांत टाचणी घालून फिरवली. टाचणीच्या टोकाला लालपिवळी खपली आली. ओलं हळदकुंकू भोकांत उतरलं होतं, दोन दिवसांत वाळून पिनेला धरणाऱ्या आतल्या स्प्रिंगवर घट्ट बसलं होतं. मला हसू फुटलं. सुटकेचं हसू होतं ते, आवरेना. बाईंनी डोळे वटारले.

‘चला, साहेबांना दाखवू!’ मी म्हटलं. ‘त्यांच्याच बोटाचा प्रताप!’

‘गप्प बसा,’ बाई म्हणाल्या. ‘सॉकेट काढा. नवीन लावा. आणि कुणाकडे एक अक्षर बोलायचं नाही. शपथ घ्या.’

मला काही कळेना, पण शपथ घेतली. आम्ही जिगचं सॉकेट बदललं, जे बोर्ड लागून गेले होते त्यांच्या पिना एकेक करून स्वच्छ केल्या, भिंगाखाली बघितल्या. मग बाईंनी सगळे थर नव्याने लावले. हिरवा. हिरवा. प्रत्येक डब्याचा भोंगा गाळ्यात घुमत होता आणि बायका कानात बोटं घालून हसत होत्या. सगळे डबे पास झाल्यावर बाईंनी ते पुन्हा पहिल्यापासून लावले. पुन्हा पास.

साहेब आले. ‘काय झालं होतं?’

‘जिगचं सॉकेट बिघडलं होतं, साहेब. बोर्ड चांगले आहेत. जिग मी बनवलं होतं, चूक माझी.’

साहेबांना आता रागाला जागा हवी होती, ती मिळाली. साधं जिग नीट करता येत नाही, गिऱ्हाइकासमोर कंपनीची अब्रू जाते, वगैरे वगैरे. बराच वेळ बोलले. बाई उभ्या राहून ऐकत होत्या. मी दात आवळून पिना मोजायचं नाटक करत होतो. इतका संताप मला आयुष्यात क्वचित आला असेल. शेवटी साहेब आत गेले तेव्हा पास्कू पुढे आला. त्याने एक डबा हातात तोलला.

‘बाय, खरा सांग. यो वाजंल?’

‘वाजेल,’ बाई म्हणाल्या.

टेम्पो गेल्यावर मी उसळलोच. ‘बाई, का ऐकून घेतलंत? राजीनाम्याची आठवण करून दिली होती त्यांनी!’

बाई हातावरचं कुंकू धूत होत्या. म्हणाल्या, ‘कुंकू आत जाऊ शकत होतं, म्हणजे जिगची चूक. भोकांवर झाकण ठेवायचं मला सुचलं नाही. आणि साहेबांना सांगितलं, तर तो माणूस पुढच्या वर्षापासून पूजाच बंद करेल. ओळखता ना त्यांना? सगळं नाहीतर काही नाही. त्या बायका वर्षभर त्या एका दिवसाची वाट बघतात, सावंत. माझा झेंडू मग मी कुठे आणू?’

इतकंच म्हणतो की माझ्या धर्माचा सण मला त्या दिवशी सांडोरच्या एका ख्रिस्ती बाईने समजावून दिला, आणि तेही बेसिनपाशी उभं राहून.

पुढे नाताळ जवळ आला होता तेव्हाची गोष्ट. बाई भिंगाखाली काहीतरी बघत होत्या. गाळ्याच्या दारात पास्कू उभा. हातात माशांची टोपली, डोळे लाल. कुणी काही विचारायच्या आत तो म्हणाला, ‘वाजला, बाय! वाजला!’

बाई उठल्या. त्यांनी भोंग्याबद्दल विचारलं नाही. ‘कोण कोण होतं होडीत?’

‘माजा लुईस व्हता. त्याचा पोरगा व्हता. दोन खलाशी. आक्के निजलेले. फळी निखलली नि पानी आत आला. यो डबा असा वरडला, असा वरडला! पानी उपसला, चिंध्या कोंबल्या नि घराला आले.’

‘सगळे?’

‘सगले, बाय. आक्के.’

बाई खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडल्या. इतक्या मोठ्या आवाजाची बाई, पण रडताना अजिबात आवाज नव्हता. पास्कू वेड्यासारखा टोपली पुढे करत राहिला, ‘पापलेट हाय, बाय, ताजा हाय.’ आमच्या बायकाही रडल्या. पाठक अकाउंटंट दारात उभा राहून नाक न धरता रडला. साहेब बाहेर आले, ऐकलं, आणि पास्कूला केबिनमध्ये नेऊन चहा पाजला.

तो गाळा आता नाही. साहेब थकले, मुलाला परदेशी जायचं होतं, आणि चीनमधून तयार डबे इतके स्वस्त यायला लागले की आमच्या पिना कोण घासून बघणार? त्या जागी आता बाथरूमच्या नळांचं गोदाम आहे. मी कधी त्या बाजूला गेलो तर रस्ता बदलतो. खोटं कशाला बोलू, वाईट वाटतं. नवे डबे मी उघडून बघतो. पिना पिवळ्या असतात. खोडरबर मी लावत नाही.

पण पुढच्या खंडेनवमीचं सांगायचं राहिलं, आणि खरं म्हणजे तेवढ्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो.

त्या वर्षीही पाट मांडला, रांगोळी काढली, झेंडू आला. साहेब सोवळं नेसून, तबक घेऊन एकेका हत्याराला कुंकू लावत आले. बाईंच्या जिगपाशी आले आणि त्यांचं बोट हवेतच थांबलं. जिगच्या भोकांवर पारदर्शक ॲक्रिलिकचं नीट बसणारं झाकण होतं. झाकणाच्या मधोमध बाईंनी एक छोटी गोल खळगी कोरलेली होती. बोटाच्या टोकाएवढी. कुंकू लावायला.

साहेब त्या खळगीकडे बघत राहिले. मग खाली, झाकणातून दिसणाऱ्या भोकांच्या रांगेकडे. मग आपल्या बोटाकडे. मी त्यांच्या शेजारी घंटा धरून उभा होतो, ती वाजवायची विसरलो. एका वर्षाचा सगळा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर लागताना मी बघितला.

‘डाबरे,’ ते म्हणाले, ‘मागच्या वर्षी... सॉकेट...?’

‘कुंकू लावा ना, साहेब,’ बाई म्हणाल्या. ‘पेढे थांबलेत.’

साहेबांनी कुंकू लावलं. बरोबर खळगीत. मग तबक माझ्या हातात दिलं, सगळ्या बायकांकडे वळले, आणि ज्या आवाजात वर्षापूर्वी ओरडले होते त्याच आवाजात म्हणाले, ‘ऐका सगळ्यांनी. मागच्या दसऱ्याला मी बाईंना बोललो होतो. ती चूक त्यांची नव्हती, माझ्या हाताची होती. त्यांना ते तेव्हाच माहीत होतं.’

साहेबांनी पाटावरचा झेंडूचा मोठा हार उचलला. तो दरवर्षी ड्रिल मशीनला घालायचा असे. तो त्यांनी दोन्ही हातांनी बाईंच्या पुढे धरला.

बाईंनी तो घेतला, क्षणभर धरला, आणि जाऊन जिगला घातला. मग तोंड फिरवून त्यांच्या त्या खणखणीत आवाजात ओरडल्या, ‘सावंत, घंटा वाजवा की! आरती राहिलीय!’